कात्री हातात असताना सांगा

ताई,

दोन वर्षांपासून मी कॉस्प्ले करते, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश स्वतः बनवून घालते. हा माझा तिसरा कॉस्च्युम आणि फोमच्या चिलखताचा पहिलाच. एका ॲनिमेतली, म्हणजे जपानी कार्टून मालिकेतली, सेनापती निवडली होती. नोकरी सांभाळून चार महिने रात्री जागून काम केलं. छातीवरची नक्षी मनासारखी होईना म्हणून ती पाटी तीनदा नव्याने कापून कोरली. कॉनच्या, म्हणजे चाहत्यांच्या संमेलनाच्या, दिवशी आमच्या ग्रुपचे फोटो चालू होते. ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी मुलगा, ज्याला आम्ही सगळेच दादा म्हणतो, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "खांद्याचे सांधे उघडलेत, रंगाला तडे गेलेत, विग प्लास्टिकसारखा चमकतोय. आणखी एक महिना थांबायचं होतंस." त्यावर एक जण हसून म्हणाली, "मुळात ही सेनापती किती सडपातळ आहे!" मी फोटो न काढताच कपडे बदलले आणि घरी आले. नंतर मैत्रिणींचे मेसेज आले, "लक्ष देऊ नकोस, तू परफेक्ट होतीस, जळतात ते." पण ताई, तडे खरंच गेले होते. मला दिसत होते. त्यामुळे आता मला कुणाचंच पटत नाही. आणखी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. आम्हा चौघींचा मोबाइलवर वेगळा ग्रुप आहे. तिथे आम्ही इतरांच्या कॉस्प्लेचे फोटो टाकून हसतो. मीही हसले आहे. चिलखत पोत्यात कोंबून ठेवलंय. सोडून देऊ का सगळं?

एक नाउमेद कॉस्प्लेयर

अगं, आधी त्या तड्यांबद्दलच बोलू. "तडे खरंच गेले होते" हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे, आणि त्याबद्दल तुझ्याशी धड कुणीच बोललेलं नाही.

ईव्हीए फोम म्हणजे आत असंख्य बारीक बुडबुडे असलेली मऊ पाटी. जिथे आपण तो कापतो किंवा घासतो तिथे ही छिद्रं उघडी पडतात आणि रंग पितात. रंग लावायच्या आधी हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) सगळीकडे सारखी फिरवली की वरचा थर आवळतो, हलकी चकाकी येते, छिद्रं मिटतात. त्यानंतर वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहणारा लेप द्यायचा, पातळ पातळ, तीनचार हात. रंग त्याच्यावर. हे मधले दोन टप्पे गाळले की रंगाची नुसती साय धरते. फोम वाकतो, साय वाकत नाही, मग ती फाटते. खांदा तर दिवसभर हलत असतो, म्हणून तडे आधी तिथेच जातात.

सांध्यांचंही तसंच. कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह हा गोंद दोन्ही कडांना लावून दहापंधरा मिनिटं थांबावं लागतं, बोट टेकवलं तरी चिकटणार नाही इतकं सुकेपर्यंत. मग कडा जुळवून दाबायच्या, आणि त्या पहिल्याच दाबात बरोबर बसवायच्या, कारण नंतर त्या सरकत नाहीत. ओल्या गोंदावर घाई केली तर सांधा रात्री चिकटल्यासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ताण आला की उकलतो. (हे काम खिडक्या उघड्या टाकून कर. साधा कापडी मास्क त्या वाफा अडवत नाही, रसायनांच्या वाफांसाठी असतो तो मास्क घे.)

आता दादाचं वाक्य पुन्हा वाच. "आणखी एक महिना थांबायचं होतंस." महिनाभर थांबून काय झालं असतं? हे टप्पे तुला कुणी सांगितलेच नसते तर महिन्याभरानंतरही हेच तडे, हेच सांधे घेऊन तू उभी असतीस. त्याला दोष दिसला, दोषाचं कारण त्याने सांगितलं नाही. कदाचित कारण त्याला इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगावं लागतं हेच तो विसरला असेल. अनुभवी माणसांचं असं होतं.

आणि विगची चमक! कृत्रिम केसांवर उजेड आरशासारखा परततो, फ्लॅश पडला की जास्तच. त्यावर थोडी टाल्कम पावडर किंवा ड्राय शाम्पू मारायचा, हाताने जिरवायचा, झटकायचा. पाच मिनिटांचं काम. म्हणजे त्याने मोजलेल्या तीन दोषांपैकी एक तिथल्या तिथे जाण्यासारखा होता, दुसरा ग्लू गनचा एक ठिपका देऊन दिवसापुरता झाकता आला असता, आणि तिसऱ्याचं त्या दिवशी काहीही करता येणार नव्हतं. तिन्ही त्याने एका दमात, कॅमेऱ्यासमोर, सारख्याच सुरात सांगितले. तुला लागलं ते याचं. तो खोटं बोलला नाही. तो अशा वेळी बोलला, जेव्हा तुझ्या हातात ना कात्री होती ना गोंद.

हे मी वरून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मंचामागे रांगेत उभी असताना माझ्या पुढे एक पोरगा होता, पहिल्यांदाच आलेला. लांब पायघोळ झगा, स्वतः शिवलेला. खालची दुमड एका बाजूने दोन बोटं उतरली होती. मी त्याला सांगितलं. मला वाटलं मी मदत करतेय. त्याचं नाव पुकारायला मिनिटसुद्धा उरलं नव्हतं. तो मंचावर गेला आणि सगळा वेळ एका हाताने झगा धरून उभा राहिला. घरी आरशासमोर घटवलेली पोझ त्याला घेताच आली नाही. प्रेक्षकांतून ती दुमड कुणाला दिसलीही नसती. त्याचा धरलेला हात मात्र सगळ्यांना दिसला, आणि तो हात मी तिथे ठेवला होता. त्याची माफी मागायला मी नंतर त्याला शोधलं, तोपर्यंत तो निघून गेला होता. अजूनही ते आठवलं की मला आत काहीतरी टोचतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते. बोलायच्या आधी समोरच्याच्या हाताकडे बघते. कापड अजून बेतायचं असेल तर मोकळेपणाने सांगते, "इथे शिलाईला जागा कमी पडेल." धावदोरा घातला असेल तर सांगते, कारण तो उसवता येतो. कॉनच्या दिवशी दोष दिसला आणि माझ्या पिशवीत पिन असेल तर आधी पिन पुढे करते, "लावून देऊ का?" एवढंच विचारते. पिन नसेल, किंवा पिनेने भागणार नसेल, तर गप्प राहते. नंतर त्याने आपणहून विचारलं तर तासभर बोलते.

अनेक मोठ्या कॉनमध्ये दुरुस्तीचा एक कोपरा असतो, तू पाहिला असशील. ग्लू गन, सुई-दोरा, सेफ्टी पिना, वेल्क्रोच्या पट्ट्या घेऊन स्वयंसेवक बसलेले असतात. कुणाचा पट्टा तुटतो, कुणाची तलवार मुठीपाशी मोडते. तिथे "हे असं कसं बनवलंस?" असं कुणी विचारत बसत नाही. "कुठे मोडलंय, दाखव," एवढंच. या छंदात माणसांनी जे काही उभं केलंय त्यात मला तो कोपरा सगळ्यात जवळचा वाटतो.

तू म्हणशील, मग परीक्षण नकोच का? असू दे की. पण जिथे खरोखर परीक्षण असतं तिथे त्याला कुंपण घातलेलं असतं. विज्ञानकथांच्या जुन्या संमेलनांमधल्या वेशभूषा स्पर्धांत, ज्यांना तिकडे मास्करेड म्हणतात, नवोदित, मधल्या पायरीवरचे आणि निष्णात असे गट वेगळे ठेवायची पद्धत आहे. पहिलं चिलखत घेऊन आलेल्याला पाच बक्षिसं मिळवलेल्याशेजारी मोजत नाहीत. कारागिरीचं परीक्षण मंचामागे, जवळून, वेगळं होतं. आपण मूळ पात्राची चित्रं सोबत देतो, आणि "ही नक्षी बघा, ही शिलाई आतून बघा" असं आपणच परीक्षकांना दाखवू शकतो. त्यांच्यासमोर उभं राहायचं की नाही हेही आपणच ठरवलेलं असतं. तू त्या दिवशी कुठल्याही स्पर्धेत नाव दिलं नव्हतंस. मित्रमैत्रिणींबरोबर फोटो काढायला उभी होतीस. तिथे परीक्षकाची खुर्ची कुणी मांडलीच नव्हती.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे येते. "ही सेनापती किती सडपातळ आहे." याला मी टीका म्हणणारच नाही. टीकेतून काहीतरी करता यायला हवं. सांधा चिकटवता येतो, विग विंचरता येतो. स्वतःच्या अंगाचं तू काय करायचं होतंस, उसवून पुन्हा शिवायचं होतंस? चित्रातली आकृती चित्रकाराने कागदावर काढलेली असते. तिला हाडं नसतात, तिला श्वास घ्यावा लागत नाही. तिच्या मापाचं माणूस बहुतेक वेळा जगात कुठेच नसतं.

हा छंद कुठून आला तेही बघ. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. तिथे फॉरेस्ट ॲकरमन भविष्यकाळातला पोशाख घालून गेले, आणि त्यांच्यासोबत मर्टल डग्लस, ज्यांना त्या वर्तुळात मोरोजो म्हणत. दोन्ही पोशाख मोरोजोंनी तयार केले होते. आज जगभर जे चालतं त्याच्या उगमापाशी सुई-दोरा घेतलेली एक हौशी बाई आहे. 'कॉस्प्ले' हा शब्द त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. जपानच्या नोबुयुकी ताकाहाशी यांनी 1983 मध्ये तो घडवला, वेश आणि खेळ हे दोन शब्द जोडून. खेळ, लक्षात घे. आपण सोंग वठलं असं म्हणतो तेव्हा सोंग घेणाऱ्याची कंबर मोजत नाही. उभं राहणं, बघणं, मान वळवणं, यातून ते वठतं. तू चार महिने त्या सेनापतीबरोबर काढलेस. ती कशी उभी राहते हे त्या हसणारीपेक्षा तुला जास्त ठाऊक आहे.

तुझ्यासारखा, आणि त्याहून कडवट अनुभव घेतलेली एक अमेरिकन कॉस्प्लेयर आहे, चाका कंबरबॅच. सोनेरी केसांच्या, गोऱ्या दिसणाऱ्या एका ॲनिमे पात्राचा वेश केला म्हणून, ती स्वतः कृष्णवर्णीय असल्यामुळे, तिला खूप काही ऐकून घ्यावं लागलं. तिने ते उघडपणे लिहिलं. आणि 2015 मध्ये तिने एक मोहीम सुरू केली, फेब्रुवारीचे 28 दिवस कृष्णवर्णीय कॉस्प्लेयरांचं काम लोकांपुढे आणायचं. मला यातलं काय भावतं सांगू? "तुम्ही सगळे परफेक्ट आहात" असं नुसतं म्हणून ती थांबली नाही. तिने कामं लोकांच्या डोळ्यांपुढे ठेवली. आधार म्हणतात तो असा असतो.

तुझ्या मैत्रिणींचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. पण "परफेक्ट" म्हणताना त्यांनी तुझे तडे नाकारले, आणि तडे तर तुला दिसत होते. एकदा एवढं खोटं कळलं की बाकीच्या कौतुकावरही विश्वास बसत नाही. नेमकं हेच तुझं झालंय. पत्रात तू लिहिलंयस की छातीवरची नक्षी तीनदा नव्याने कापून कोरली. दादाने तिच्याबद्दल शब्द काढला नाही. मैत्रिणींनीही नाही. दोष काढणारे आणि वाहवा करणारे, दोघांनीही तुझं चिलखत नीट बघितलंच नाही. एकाने तडे पाहिले, दुसऱ्यांनी तुझा पडलेला चेहरा पाहिला. कुणी जवळ येऊन "ही रेघ कशी कोरलीस गं?" असं विचारलं असतं तर तू फोटो न काढता घरी गेली असतीस का? मैत्रिणींना हे सांग. रागाने नको, मागणं म्हणून सांग, "मला चांगलं म्हणायचं असेल तर काय चांगलं झालं ते दाखवा."

आता तुमच्या चौघींचा ग्रुप. हे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस आणि मला सांगितलंस, तेव्हा मीही ते गुळमुळीत करून परत देणार नाही. ते चुकीचं आहे. त्या फोटोतल्या माणसांनी तुमच्यापैकी कुणाला आपला फोटो तिथे टाकायची परवानगी दिलेली नाही. 2014 मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनने आवारात मोठे फलक लावले होते, कॉस्प्ले केला म्हणजे संमती दिली असं नाही, अशा अर्थाचे. आपण त्याचा अर्थ अंगाला हात लावण्यापुरता घेतो. पण त्यात फोटो काढण्याआधी विचारणंही होतं. न विचारता घेतलेला फोटो हसण्यासाठी चौघींत फिरवणं हे त्याच रांगेतलं आहे, भले त्या माणसाला ते कधीच कळलं नाही तरी.

आणि त्याने तुझंही नुकसान केलंय. त्या दिवशी दादाचं बोलणं तुला इतकं का लागलं असेल? मला वाटतं, त्या क्षणी तुला ठाऊक होतं की कुठल्या तरी दुसऱ्या चौघींच्या मोबाइलवर आता तुझा फोटो जाणार. तो हशा आतून कसा असतो हे तुला माहीत आहे, म्हणून बाहेरून ऐकायची भीती इतकी मोठी झाली. आपण दुसऱ्यांना ज्या डोळ्यांनी बघतो तेच डोळे मग आपल्याकडेही वळतात.

काय करायचं? ज्यांच्यावर हसलात त्यांना गाठून कबुली देऊ नकोस. त्यांना हे ठाऊक नाही. तू सांगितलंस तर तुझं ओझं उतरेल आणि जखम त्यांना होईल. तिघी मैत्रिणींना प्रवचनही देऊ नकोस, कालपर्यंत तूही त्यातच होतीस. आधी तू टाकलेले फोटो काढून टाक. मग एकदाच स्पष्ट सांग, "माझ्यावर कुणी असं हसलं तर मला किती लागेल ते मला कळलंय. मी यापुढे हसणार नाही, तुम्हीही टाकू नका." पुढचा फोटो आलाच तर "हा काढ," एवढंच लिही. ऐकतील तर उत्तम. दोनतीनदा सांगून फरक पडला नाही तर त्या ग्रुपमधून बाहेर पड. मैत्री खरी असेल तर ती त्या ग्रुपबाहेरही टिकेल.

दादाशी मात्र बोल. मेसेज करू नकोस, समोर बसून बोल, आजूबाजूला ग्रुप नसताना. साधंच म्हण, "दादा, सांध्यांचं तू बरोबर सांगितलंस. पण फोटोच्या वेळी, सगळ्यांसमोर सांगितलंस, म्हणून मी निघून गेले. पुढचा खांदा बनवताना तुला दाखवीन, तेव्हा सांगशील का?" माझा अंदाज असा की तो वरमेल. जो माणूस लांबून तीन दोष बिनचूक टिपतो त्याची नजर चांगली आहे, ती तुझ्या कामाच्या टेबलापाशी यायला हवी. त्याने ऐकून घेतलं नाही, उलट "मी तर खरं तेच बोललो" असं म्हणाला, तरी तुझं काही गेलं नाही. सांधे कसे लावायचे हे आता तुला कळलंच आहे. त्याचं मत घ्यायला थांबायची गरज नाही.

आणि ती हसणारी. तिला एकच वाक्य पुरे, "माझ्या अंगाबद्दल बोलायचं नाही." कारणं देऊ नकोस, वाद घालू नकोस, स्पष्टीकरण देऊ नकोस. पुन्हा बोलली तर तिच्या शेजारी फोटोला उभी राहू नकोस.

सोडायचं की नाही हे आज ठरवू नकोस. आज फक्त ते पोतं उघड. फोम दाबून, घडी पडून राहिला की तशाच खुणा धरतो आणि जितके जास्त दिवस जातील तितक्या त्या घट्ट होतात. सगळे भाग बाहेर काढून सपाट जागेवर मोकळे ठेव. दबलेल्या जागी अलगद ऊब दिली की फोम पुष्कळदा फुगून परत येतो, पण रंग लावलेल्या बाजूने हीट गन धरू नकोस, रंग करपेल आणि धूर नाकात जाईल. मागच्या, कोऱ्या बाजूने दे. खांद्यांवरचा सुटलेला रंग घासून काढ, तेव्हा धुळीचा मास्क लाव. मग तो लवचीक लेप, मग रंग. दोन सुट्ट्यांचं काम आहे.

छातीच्या पाटीला हात लावू नकोस. ती झाली आहे.

खांदे वाळले की एखाद्या मैत्रिणीला बोलाव, विगला पावडर लाव, चिलखत चढव आणि त्या दिवशी राहिलेला फोटो काढून घे. फ्लॅश नको. खिडकीशी आडवी उभी राहा म्हणजे उजेड एका बाजूने येईल आणि कोरलेल्या रेघांत सावली भरेल. मला पाठवशील का? तिसऱ्यांदा कोरताना तू काय बदललंस ते मला बघायचंय.

तुझी ताई